जादूगाराची पेटी कुणाला द्यावी?

दिवाळीच्या सुट्टीत पोरे किल्ला करायला लागली की माळ्यावरचा खोका खाली येतो. आत गेल्या वर्षीचे मावळे असतात. कुणाचा हात मोडलेला, कुणाची तलवार हरवलेली. पोरे त्यांची धूळ झटकतात, रंगाचा एक हात देतात, आणि दिवेलागणीला तेच मावळे बुरुजावर पहारा करू लागतात.

हे सांगायचे कारण असे की, गेल्या वर्षी आमच्या शाळेत एक वृद्ध जादूगार येऊन गेले. खेळ संपल्यावर सामान आवरताना आजोबांनी एका जुन्या काळ्या पेटीवर हात ठेवला. ती त्यांच्या गुरूची. मुलगा नोकरीला लागलेला, त्याला या विद्येत गोडी नाही. आता ही पेटी भंगारात द्यावी की संग्रहालयात, असे त्यांनी मला विचारले. मास्तरला सगळे येते असा लोकांचा समज असतो. पण मी गप्प बसलो. पुढे पुस्तके चाळताना दिसले, की हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याची मोठी हकीकत फ्रान्स देशात घडली आहे.

ब्लुआ गावी 1805 साली एका घड्याळजीच्या घरी झां-यूजेन रोबेर हा मुलगा जन्मला. तोही घड्याळजीच झाला. पॅरिसच्या उदँ नावाच्या घड्याळजीची मुलगी त्याने केली आणि सासऱ्याचे आडनाव आपल्या नावाला जोडून तो रोबेर-उदँ बनला. 1845 साली त्याने पॅरिसला जादूचे छोटेखानी नाटकगृह काढले. झगे आणि उंच टोप्या टाकून तो सभ्य गृहस्थाच्या पोषाखात रंगमंचावर उभा राही. सामान मात्र घड्याळजीच्या हातचे.

त्याचे संत्र्याचे झाड पाहा. प्रेक्षकांतल्या एका बाईचा रुमाल तो मागून घेई आणि नाहीसा करी. मग कुंडीतल्या झाडाला फुले येत, पाठोपाठ फळे धरत. ती तोडून तो प्रेक्षकांत वाटी. ती खरीच असत, पानांआड आधीपासून दडवलेली. शेवटचे संत्रे आपोआप उकले आणि दोन फुलपाखरे बाईचा रुमाल वर उचलून धरीत. त्याची दुसरी करामत आंतोनियो दियावोलो हा झोक्यावरचा यंत्रपुतळा. तो प्रेक्षकांना मान लववी, झोके घेई आणि कसलेल्या कसरतपटूसारखा लोंबकळे.

1871 साली रोबेर-उदँ वारला. नाटकगृह चालू होते, पण पहिला बहर ओसरला होता. अशा वेळी 1888 साली जॉर्ज मेलिएस नावाच्या तरुणाने ते विकत घेतले. बाप जोड्यांचा कारखानदार; धंद्यातला आपला वाटा भावांना विकून या पठ्ठ्याने जेमतेम दोनशे आसनांचे ते घर घेतले. घराबरोबर उदँची जुनी यंत्रेही आली, मोडकीतोडकी. मेलिएसने ती उलगडली, दुरुस्त केली आणि पुन्हा रंगमंचावर आणली. नुसती राखण करून तो थांबला नाही; त्यांच्या शेजारी त्याने स्वतःचे नवे खेळ बसवले.

येथेच एक मौज झाली. 28 डिसेंबर 1895 रोजी पॅरिसला ल्युमिएर बंधूंनी हलती चित्रे दाखवली. मेलिएस तेथे हजर होता. पुढच्याच वर्षी त्याच्या नाटकगृहात चित्रपट दिसू लागले. बाई अदृश्य करण्याचा रंगमंचावरचा खेळ त्याने 1896 साली कॅमेऱ्यापुढे केला. रंगमंचावर त्यासाठी जमिनीत चोरदार लागे. येथे कॅमेरा क्षणभर थांबवला की काम भागले! आपल्या मराठी वाचकाला लगेच दादासाहेब फाळके आठवतील. त्र्यंबकेश्वरचे हे गृहस्थही एका जर्मन जादूगाराकडून विद्या शिकले होते, आणि आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने खेळ करीत. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढताना तो हात त्यांच्या उपयोगी पडलाच असेल.

मेलिएसची अखेर मात्र हलाखीची. महायुद्धानंतर कर्ज वाढले, नाटकगृह रस्तारुंदीत पाडले गेले आणि तो मोंपार्नास स्टेशनवर खेळण्यांचे दुकान घेऊन बसला. त्याच्याजवळचे यंत्रपुतळे एका संग्रहालयाला दिले होते. तेथे ते सांभाळले गेले नाहीत. खराब झाले आणि शेवटी टाकून देण्यात आले. संग्रहालयात कुलूप होते, पण किल्ली फिरवणारा घड्याळजी नव्हता.

याउलट हुडिनीचे पाहा. रोबेर-उदँच्या नावावरूनच त्याने आपले नाव घेतले. फ्रेंच लोक त्या नावातला 'ह' उच्चारीत नाहीत, अमेरिकेत तो उच्चारला गेला. पुढे 1908 साली याच गुरूवर टीका करणारे पुस्तक त्याने लिहिले, ही गोष्ट वेगळी. 1926 साली तो गेला. त्याचा ग्रंथसंग्रह अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात गेला. खेळाचे सामान मात्र धाकट्या भावाला मिळाले. भाऊ स्वतः जादूगार. त्याने ते घेऊन खेळ केले. पुस्तके वाचणाऱ्यांकडे आणि पेट्या खेळणाऱ्याकडे, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

आणि आंतोनियो? तो वाचला. लॉस एंजेलिसच्या जॉन गॉन या कारागिराने त्याला पुन्हा झोके घ्यायला लावले. ब्लुआ गावीही 1998 साली जादूचे संग्रहालय उघडले, आणि तेथे कपाटांबरोबर खेळांसाठी रंगमंचही ठेवला.

वापरले की वस्तू झिजते, हे खरे. दोरी तुटते, रंग उडतो. पण झिजलेली वस्तू दुरुस्त होते. जिचा वापरच कुणाला ठाऊक नाही ती दुरुस्त तरी कोण करणार? पेटीतले अर्धे कसब लाकडात असते, उरलेले अर्धे हातात. हात गेला की लाकूड राहते.

हे सारे वाचून झाल्यावर मी त्या आजोबांना पत्र टाकले. लिहिले, की खेळानंतर सामान आवरू लागायला थांबलेला सहावीतला मुलगा तुम्हाला आठवत असेल. गणितात तो कच्चा आहे, पण त्या दिवसापासून त्याच्या बोटांत नाणे एकसारखे फिरत असते. सुट्टीत त्याला तुमच्याकडे पाठवतो. पेटी मागाहून द्या. आधी खेळ द्या.

उत्तर आले आहे. भाऊबीज झाली की पाठवा, असे त्यांनी कळवले आहे.