एक्स, एंटर: फोडण्याची कुळकथा

पुण्याजवळचं सूस मागे पडलं की पुढे नांदे लागतं. बोलताना मात्र हे नाव बऱ्याचदा एकटं येत नाही. शेजारच्या गावाला बरोबर घेऊन 'चांदे-नांदे' असं एका दमात येतं. महसूल दप्तरात गावं दोन आणि नकाशेही दोन. बोलण्याने बांधलेली गाठ दप्तर सोडवतं. या पट्ट्यात आता शेतांच्या जागी इमारती उभ्या राहतायत, आणि त्यांचे नकाशे काढणाऱ्या आरेखकांच्या तोंडी बांधण्या-सोडवण्याचा आणखी एक शब्द रोज असतो: "तो ब्लॉक फोड आधी." कीबोर्डवर 'एक्स' दाबायचं, मग एंटर. एकसंध दिसणारा दरवाजा सुट्या रेघा आणि एका कमानीत विखुरतो.

नकाशे काढायच्या ऑटोकॅड या प्रोग्रॅममधल्या या आज्ञेचं नाव 'एक्सप्लोड'. त्या शब्दाचं मूळ लॅटिन नाटकघरात आहे. न आवडलेल्या नटाला टाळ्या पिटून रंगमंचावरून हुसकावणं, म्हणजे आपल्याकडची हुर्यो, असा त्याचा आधीचा अर्थ. दारूगोळ्याचा धडाका त्यात बराच नंतर शिरला. आरेखकाने मात्र ना नट घेतला ना दारूगोळा. त्याने घरातला शब्द उचलला. शाळेत जोडाक्षर फोडून लिहायचं, कैरीच्या फोडी करायच्या, आणि भावाभावांत वाटण्या झाल्या की चावडीवर खातेफोड करायची. फोड म्हणजे नासधूस नव्हे. एकत्र असलेलं वेगळं करणं.

जो फोडायचा तो ब्लॉक म्हणजे एकत्र बांधलेल्या रेघांचा गट. आणि 'गट'सुद्धा आपल्याकडे कॉम्प्युटरच्या आधीचा. 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबवली गेली, तिथे विखुरलेले तुकडे जोडून गट पाडले गेले आणि सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. पुढे वारस वाढले की गट पुन्हा फुटायचे. पण फुटतानाही नातं पुसलं जात नाही. समजा गट 125 आहे. त्याचे 125/1 आणि 125/2 होतात. बापाचा नंबर लेकरांच्या पुढे चालतो, आणि वाटणी कधी, कशी झाली ते फेरफाराच्या नोंदीत राहतं.

कॉम्प्युटरवरच्या गटाचा जन्म मात्र अमेरिकेतला. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत टीएक्स-2 नावाच्या यंत्रावर आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' घडवलं. 1963 साली तोच त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध झाला. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढता येणं, हे तर होतंच. पण सगळ्यात दूरवर पोचलेली कल्पना वेगळी होती: एक मूळ चित्र आणि त्याच्या हव्या तितक्या प्रती. षटकोन एकदा काढायचा आणि जाळीभर मांडायचा. मग मूळ चित्रात षटकोनाऐवजी अर्धवर्तुळ ठेवलं की अख्ख्या जाळीची माशाच्या खवल्यांसारखी नक्षी व्हायची. एक बदललं की सगळे बदलले. एकत्र कुटुंबच ते: निर्णय एकाचा, पंगत सगळ्यांची.

1982 साली जॉन वॉकर आणि त्यांच्या साथीदारांनी ऑटोडेस्क कंपनी काढली आणि त्याच वर्षी टेबलावरच्या छोट्या कॉम्प्युटरवर चालणारं ऑटोकॅड बाजारात आणलं. एक मूळ आणि अनेक प्रती हा विचार त्यात 'ब्लॉक' या नावाने पहिल्यापासून होता. ट्रेसिंग पेपरवर प्लास्टिकच्या टेम्प्लेटमधून एकेक बेसिन काढणाऱ्या आणि चुकलेली शाई ब्लेडने खरवडणाऱ्या हातांना ही केवढी चैन! दरवाजा एकदा काढा, शंभरदा ठेवा.

अडचण पहिल्याच आठवड्यात येते. शंभरांतला एकच दरवाजा दोन इंच अरुंद हवा असतो. त्याच्या रेघेला हात लावायला जावं, तर सगळा दरवाजा उचलला जातो. सुरुवातीला यावर तोड होती, पण ती आधीच आठवावी लागे: ब्लॉक आणताना त्याच्या नावाआधी तारांकन टाकलं की तो मुळातच सुटा उतरत असे. आधी ठेवून मग फोडायची सोय 1986 च्या 2.5 आवृत्तीतल्या 'एक्सप्लोड'ने झाली.

फोडल्याची किंमत लगेच दिसत नाही. शून्य क्रमांकाच्या लेयरवर, म्हणजे थरावर, काढून ब्लॉक केलेली चित्रं जिथे ठेवली तिथल्या लेयरचा रंग घेतात. फोडली की परत शून्यावर जातात. जाडी दिलेली पॉलिलाइन, म्हणजे सलग जोडलेली रेघ, फोडली की जाडी जाते. सगळ्यात वाईट गत होते ती ब्लॉकला चिकटवलेल्या माहितीची. दरवाज्यावर 'डी-3' लिहिलेलं असतं. फोडताक्षणी तो आकडा नाहीसा होतो आणि त्या जागी रकान्याचं कोरं नाव उरतं. घरातला माणूस जावा आणि दारावर 'नाव' एवढीच पाटी राहावी, तसं. आणि मूळ दरवाजा नंतर सुधारला तर नव्याण्णव सुधारतात. हा शंभरावा तसाच राहतो, कारण तो कोणाचा कोण हे आता फाइललाही ठाऊक नसतं.

म्हणून या आज्ञेचा पुढचा इतिहास हा न फोडता दुरुस्त करण्याच्या वाटा शोधण्याचा इतिहास आहे. 'बर्स्ट' नावाच्या जोड-आज्ञेने फोडताना निदान आकडा अक्षरांच्या रूपात वाचवला. ऑटोकॅड 2000 मध्ये 'रेफएडिट' आलं: ब्लॉक जागच्या जागी उघडा, दुरुस्त करा, पुन्हा मिटा. 2006 च्या आवृत्तीत ब्लॉकसाठी वेगळं दालन मिळालं आणि त्याबरोबर लवचीक ब्लॉक आले. एकच दरवाजा ओढून रुंद करायचा किंवा अरुंद, नातं न तोडता. स्केचअप या दुसऱ्या प्रोग्रॅममधली तोड तर थेट आपल्या घरांतली वाटते. तिथे 'मेक युनिक' म्हटलं की ती प्रत मूळ घरापासून वेगळी होते, पण तिचा स्वतःचा गट शाबूत राहतो. घर मोडलं नाही, फक्त वेगळी चूल मांडली.

तरीही 'एक्स, एंटर' संपलेलं नाही. दुसऱ्या ऑफिसातून आलेल्या फाइलमध्ये ब्लॉकच्या पोटात ब्लॉक, त्याच्या पोटात आणखी एक असतो, आणि संध्याकाळपर्यंत नकाशा मंजुरीला जायचा असतो. घाईत हात त्याच अक्षराकडे वळतो. पण त्या घाईत प्लॉटची हद्दही फुटली तर काम अडतं. पुण्यातच घडलेल्या ऑटोडीसीआरसारख्या तपासणी प्रणालीला क्षेत्रफळ मोजायला योग्य लेयरवरची बंद पॉलिलाइन लागते. सुट्या चार रेघा माणसाला चौकोन दिसतात. यंत्राला ती हद्द दिसत नाही.

तलाठी आणि आरेखक दोघेही फोड करतात. फरक इतकाच, की तलाठ्याच्या फोडीला फेरफाराचा नंबर असतो, आणि आरेखकाच्या फोडीची आठवण फाइल बंद होईपर्यंतच, 'अनडू' चालतं तोवर टिकते. म्हणून मुरलेला आरेखक फोडण्याआधी फाइलची एक प्रत काढून तिच्या नावापुढे तारीख टाकतो. त्याला कोणी तसं शिकवलेलं नसतं, पण तो फेरफारच लिहीत असतो.