अमरावती नेमकी कुणाची?

दापोलीत आमच्या वाचनगटात एका मुलाने विचारलं, "दीक्षाभूमीला जाताना अमरावतीला उतरून तो स्तूप बघता येईल का?" बाकीचे हसले. आम्ही हसलो नाही, कारण असा घोळ आमचाही एकदा झाला होता. पुस्तकात 'अमरावती शिल्पशैली' वाचायची आणि डोळ्यांसमोर विदर्भ आणायचा!

विदर्भातल्या अमरावतीत तो स्तूप नाही. पण आपला इतिहास तिथेही आहे. अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना बंद होतं. त्या प्रवेशासाठी नोव्हेंबर १९२७ मध्ये तिथे परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब. परिषद चालू असतानाच थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी आली. महाड चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तेच हे वर्ष. चवदार तळं सगळ्यांना पाठ असतं, अमरावती मात्र राहून जाते.

स्तूपाची अमरावती आंध्रात, कृष्णा नदीच्या काठी. आणि तिचं जुनं नाव अमरावती नव्हेच. सातवाहन काळातल्या शिलालेखांत धान्यकटक आहे. आजचं नाव अमरेश्वराच्या देवळावरून आलं. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या जमीनदाराने नवं गाव वसवलं, तेव्हा स्तूपाचे दगड उपसून बांधकामाला वापरले गेले. उरलेल्या शिल्पांचा मोठा भाग आज चेन्नईच्या एग्मोर संग्रहालयात आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. म्हणजे स्तूप मोडला, दगड पांगले आणि जागेची ओळख देवळाच्या नावाने पक्की झाली. नुसत्या नावावरून "हे मूळचं आमचंच" म्हणणाऱ्यांना धान्यकटकाबद्दल जरूर विचारा.

पण म्हणून 'अमरावती' हे नाव इंद्राच्या नगरीचं म्हणून सोडून द्यायचं का? आम्हाला ते पटत नाही. पाली 'बुद्धवंसा'त दीपंकर बुद्धांच्या काळातला सुमेध राहतो ते नगर अमरावतीच. हाच सुमेध पुढे अनेक जन्मांनंतर गौतम बुद्ध होतो. आजच्या व्हिएतनाममधल्या चंपा राज्याच्या एका प्रदेशाचं नावही अमरावती होतं. तिथे डोंग डुओंगला इंद्रवर्मन दुसरा याने इ.स. ८७५ मध्ये मोठा बौद्ध विहार बांधला. राजाचं नाव इंद्रावरून आणि विहार बौद्ध, हेही ध्यानात घ्या. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायरला १९८४ साली स्थापन झालेल्या थेरवादी विहाराचं नावही अमरावती. संस्थापक मूळचे अमेरिकन भिक्खू, नाव अजान सुमेधो. सुमेधाची अमरावती पुन्हा जुळून आली ती थेट इंग्लंडात!

त्या मुलाला आम्ही सांगितलं, स्तूप बघायचा तर विजयवाड्याचं तिकीट काढ. तोवर आपल्याच तालुक्यातली पन्हाळेकाजीची २९ लेणी बघून घे. सुरुवातीची कोरीव कामं बौद्धांची, पुढे तिथे शैव आणि नाथपंथी आले. त्या गावाचं जुनं नाव प्रणालक. कोल्हापूरच्या पन्हाळ्याचंही तेच सांगतात, त्यामुळे पुढच्या बैठकीला आणखी एक घोळ तयारच आहे.