जुनी पॉवर बँक कोणत्या डब्यात टाकायची? घरच्या कचऱ्याचे नियम समजून घ्या

गेल्या वर्षी घर आवरताना एक बंद पडलेली पॉवर बँक मी सरळ सुक्या कचऱ्यात टाकली. वरून प्लास्टिक, आत थोडा धातू, म्हणजे सुकाच कचरा ना? दुसऱ्या दिवशी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी ती दारात माझ्या हातात परत ठेवली. "दादा, हे असलं पिशवीत टाकत जाऊ नका. आम्ही हातानं निवडतो सगळं." इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्या माणसाला हे मावशींनी सांगावं लागलं! मग मी नियम शोधून वाचले. त्यातलं रोज लागेल तेवढं इथे सांगतो.

आता डबे चार

आपल्याकडे २०१६ चे घनकचरा व्यवस्थापन नियम होते. त्यांच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून नवे, म्हणजे २०२६ चे नियम लागू झाले आहेत. जुन्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन गट होते. आता घरातच चार गट करायचे आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा.

ओल्यात स्वयंपाकघरातलं जवळपास सगळं जातं. भाजीची देठं, उरलेलं अन्न, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, निर्माल्यातली फुलं. (निर्माल्याची प्लास्टिक पिशवी मात्र नाही!) सुक्यात कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, धातू. ऑनलाइन ऑर्डरचा खोका, बबल रॅप, थर्माकोल हे सगळं इथेच. फक्त डबा किंवा पिशवी खरकटी असेल तर आधी विसळून घ्या. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो इवलासा तुकडा वेगळा झाला की कोणाच्याच हाती लागत नाही आणि गटारात जातो. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहा.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात नीट गुंडाळून वेगळे द्यायचे. पुण्यात अशा पुडीवर लाल ठिपका काढायची पद्धत कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने रुजवली. साधी युक्ती आहे, पण पुडी न उघडता आत काय आहे ते कळतं. चौथ्या गटात रंगाचे डबे, बल्ब, ट्यूबलाइट, पाऱ्याचा थर्मामीटर आणि मुदत संपलेली औषधं येतात.

नारळाची करवंटी ओल्यात की सुक्यात, यावर आमच्या घरात वाद होतो. याचं उत्तर गावागणिक बदलतं, त्यामुळे कचरा न्यायला येणाऱ्यांनाच विचारा.

पुढे मशीन आहेच की, मग घरी कशाला वेगळा करायचा?

हा प्रश्न मलाही पडायचा. आमच्या कामातलं उदाहरण देतो. युजर फॉर्म भरतानाच चुकीचा मोबाईल नंबर पकडला, तर दोन सेकंदांचं काम. तोच नंबर डेटाबेसमध्ये जाऊन बसला की नंतर साफ करायला आठवडा जातो, आणि काही चुका तर कधीच सुटत नाहीत. कचऱ्याचं तसंच आहे. आमटी सांडलेला कागद पुन्हा कोरा होत नाही. कोरडा पुठ्ठा विकला जातो, भिजलेला डेपोत सडतो. आणि आपल्याकडे हे 'मशीन' बहुतेक वेळा माणूसच असतो. पुण्यात 'स्वच्छ'चे सभासद २००८ पासून दारोदार कचरा गोळा करतात, आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसे हा त्यांच्या कमाईचा भाग आहे. म्हणजे आपण घाण केलेला पुठ्ठा थेट कोणाच्या तरी खिशातून जातो.

मग पॉवर बँकचं काय?

चारपैकी कोणत्याच डब्यात नाही. मोबाईल, चार्जर, इअरबड, केबल यांच्यासाठी ई-कचऱ्याचे वेगळे नियम आहेत (२०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून लागू). बॅटरीसाठीही २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत. दोन्हींत मुख्य जबाबदारी वस्तू बाजारात आणणाऱ्या कंपनीवर टाकली आहे: जुना माल नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रक्रिया होऊन गेला पाहिजे.

इतकी काळजी का? लिथियम आयन बॅटरीत दोन थरांच्या मध्ये प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा असतो. आत पेट घेणारं द्रव असतं. कचऱ्याच्या गाडीतल्या प्रेसखाली बॅटरी दबली की पडदा फाटतो, आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं, उष्णता वाढत जाते आणि ती स्वतःच स्वतःला तापवायला लागते. आजूबाजूला कोरडा कागद आणि प्लास्टिक असतंच! बॅटरी 'डेड' दिसली तरी आत थोडा चार्ज उरलेला असू शकतो, हे लक्षात ठेवा.

म्हणून घरात एक छोटा डबा फक्त अशा वस्तूंसाठी ठेवा. सुट्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. फोन फुगला असेल तर चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू तर अजिबात नका. पेट घेणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि लवकरात लवकर सर्व्हिस सेंटरला द्या. डबा भरला की कंपनीचं सर्व्हिस सेंटर, पालिकेचं ई-कचरा संकलन किंवा अधिकृत रिसायकलर यांच्याकडे न्या. अधिकृत नावं प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर मिळतात.

भंगारवाल्याला द्यायचं का? रद्दी, बाटल्या, लोखंड खुशाल द्या, तो हे काम आपल्यापेक्षा चांगलं करतो. पण बॅटरी असलेली वस्तू देऊ नका. पुढे कुठेतरी तांब्यासाठी वायर जाळली जाते आणि तो धूर कोणीतरी श्वासात घेतो.

फोन देण्याआधी एवढं करा

हा भाग घाईत करू नका. आधी फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. ओटीपी कोड बनवणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर ते नव्या फोनवर हलवा. हे विसरलात तर स्वतःच्याच अकाउंटबाहेर अडकाल. यूपीआय ॲपमधून प्रोफाइल काढा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. मग सेटिंगमध्ये जाऊन गूगल अकाउंट रिमूव्ह करा (आयफोनवर 'फाइंड माय' बंद करा) आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करा. क्रम उलटा झाला आणि रीसेट रिकव्हरी मेनूमधून केला, तर फोन पुन्हा सुरू होताना तुमचाच जुना पासवर्ड मागत बसेल.

रीसेटनंतर डेटा परत मिळू शकतो का? अँड्रॉइड १० किंवा त्यापुढच्या व्हर्जनसह बाजारात आलेल्या फोनमध्ये डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो. रीसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे उरलेला डेटा वाचता येत नाही. खूप जुन्या फोनची मात्र खात्री देता येत नाही. फोन चालूच होत नसेल तर दुसऱ्या फोनवरून गूगल अकाउंटच्या डिव्हाइस यादीत जा आणि तिथून त्याला साइन आउट करा.

गाडीच आली नाही तर?

केंद्र सरकारच्या स्वच्छता ॲपवर फोटो आणि लोकेशनसह तक्रार करता येते, ती त्या शहराच्या पालिकेकडे जाते. फोटो जागेवरच काढा आणि लोकेशन चालू ठेवा. कंटाळून कचरा पेटवू मात्र नका: राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवून दिला आहे.

आमच्या सोसायटीत आता लिफ्टजवळ ई-कचऱ्याचा एक डबा आहे. पहिल्या महिन्यात त्यात सगळ्यात जास्त काय निघालं असेल? एका कानाचे इअरबड.