काचेतला समुद्र आणि शेवाळाची जाळी

शेवाळाबद्दल मराठीत कोणी फारसे चांगले बोलत नाही. विहिरीत शेवाळ धरले की विहीर उपसायला झाली असे समजायचे, पायरीवर धरले की जपून पाय टाकायचा. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायेला दृष्टान्त दिला आहे तोही बाबुळीचा, म्हणजे शेवाळाचाच. पाण्यातच उपजलेली बाबुळी पाण्यालाच झाकून टाकते. घरात मासे पाळणाऱ्यांचे मतही याहून वेगळे नसते. काचेवर हिरवा थर दिसला की तो खरवडायचा, असाच परिपाठ आहे.

आमच्या पुण्याच्या घरात खाऱ्या पाण्याची साठ लिटरची एक टाकी आहे. तिच्यावर मी स्वतः बनवलेली एक पेटी बसवली आहे. पेटीत भरतकामाला वापरतात तसली प्लास्टिकची खरबरीत जाळी टांगलेली आहे. वरच्या नळीला पाडलेल्या चिरेतून टाकीचे पाणी तिच्यावरून पातळ पडद्यासारखे उतरते आणि दोन्ही बाजूंनी दिवे तिला दिवसाचे अठरा तास उजेड देतात. जाळीवर आधी तपकिरी साय धरते, मग हिरवे केस उगवतात. दर रविवारी मी जाळी काढतो, मोरीत नळाखाली धरून शेवाळ खरवडतो आणि ते तुळशीच्या कुंडीलगतच्या खतखड्ड्यात टाकतो. एवढ्याशा उपकरणामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. पाणी स्वच्छ राहते ते कोणाच्या कष्टांवर, हा प्रश्न त्या इतिहासात सारखा डोके वर काढतो.

आरंभ १८४६ सालचा. वेस्टमिन्स्टर ॲबेतील एका धर्माधिकाऱ्याची पत्नी ॲना थिन हिला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की येथे पेल्यासारख्या आकाराचे जिवंत प्रवाळ सापडले. ते लंडनला न्यायचे तिने ठरवले. समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीत मोठा स्पंज ठेवून सुईदोऱ्याने तिने प्रवाळ त्याला टाके घालून बसवले. लंडनमध्ये रोज ताजे समुद्रपाणी मिळणे शक्य नव्हते. तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते, असा उपाय तिने काढला. ओतायचे काम घरातल्या मोलकरणीचे. काम दमवणारे होते हे थिनबाईंनी स्वतःच पुढे नोंदवले, पण मुलीला त्यात गंमत वाटत असे, अशी पुस्तीही जोडली. मुलीला काय वाटत होते, हे तिच्या तोंडून कोणी लिहून ठेवले नाही. मत्स्यालयाच्या इतिहासातला पहिला पंप म्हणजे तिचे दोन हात, असे म्हणायला हरकत नाही. १८४७ मध्ये थिनबाईंनी पाण्यात समुद्री वनस्पतीही सोडल्या आणि हवेचा काही भार त्यांच्यावर टाकला.

त्याच सुमारास लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधले रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन हाच विचार गोड्या पाण्यात पारखून पाहत होते. मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या तर मासे सोडतात तो वायू वनस्पती घेतात, वनस्पती सोडतात तो प्राणवायू मासे घेतात, हे ठीक. पण वनस्पतींची पाने कुजू लागली आणि पाणी नासले. तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या. त्यांनी सडके खाल्ले आणि टाकी सावरली. हे प्रयोग १८५० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे समुद्राच्या पाण्याकडे वळल्यावर सगळ्या वनस्पती सारख्या उपयोगी नाहीत, हे ध्यानात आले. किनाऱ्यावरच्या मोठ्या तपकिरी वनस्पती बंद पाण्यात टिकेनात. कागदासारख्या पातळ पानांचे हिरवे उल्वा मात्र टिकले. पावसाळा सरल्यावर आपल्या कोकणच्या खडकांवर जी हिरवी, निसरडी पाने दिसतात, त्यांत हे उल्वा असते.

१८५३ मध्ये रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘दि ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि इंग्लंडातल्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्यांची लाट उठली. गॉस यांनी क्षारांचे मिश्रण करून घरीच समुद्राचे पाणी बनवायची कृतीही दिली. त्या पाण्यात आधी हिरवे शेवाळ सोडावे, काही दिवस जाऊ द्यावेत आणि मगच प्राणी आणावेत, हा त्यांचा क्रम होता. म्हणजे त्या काळी शेवाळ हे घरातले आधी येणारे माणूस होते. मात्र या छंदाची किंमत किनाऱ्याने मोजली. पुस्तके वाचून लोक टोपल्या घेऊन खडकांवर गेले आणि डबकीच्या डबकी रिकामी झाली. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी पुढे वडिलांवर लिहिलेल्या पुस्तकात याची खंत बोलून दाखवली आहे.

शेवाळाचा मान फार टिकला नाही. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मत्स्यालय उभारले. तिथे दर्शनी टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा साठा खाली अंधारात ठेवला होता. पंपाने पाणी सतत फिरत राही. अंधारात शेवाळ वाढत नाही आणि पाणी निवळशंख राहते, हा त्यातला हिशोब. यंत्र आले तसे शेवाळाचे काम सुटले. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू वेगळे करून दाखवले, आणि विसाव्या शतकातली गाळणी या जीवाणूंवरच बेतली गेली. टाकीच्या तळाशी रेती पसरायची, तिच्यातून पाणी ओढायचे आणि रेतीच्या कणांवर राहणाऱ्या जीवाणूंनी माशांनी सोडलेल्या अमोनियाचे विष उतरवायचे, अशी ही पद्धत.

हिच्यातली अडचण मुकाट्याने साठत जाणारी होती. अमोनिया गेला तरी त्यातला नत्र टाकीतच राहतो, फक्त नायट्रेटच्या रूपात. खाद्यातून येणारा फॉस्फेटही तिथेच राहतो. मासे काही काळ तग धरतात, प्रवाळ मात्र मलूल होतात आणि नको तिथे शेवाळ फोफावते. उपाय एकच उरतो, पाणी बदलणे. समुद्रकाठच्या मत्स्यालयाला ते जमते. आमच्यासारख्याने घाटावर बसून पाकिटातले मीठ विरघळवत राहायचे. माझ्या टाकीतले पहिले प्रवाळ अशाच साठत गेलेल्या नायट्रेटपायी गेले. पाणी दिसायला स्वच्छ होते, म्हणून मी महिनाभर ते तपासलेच नव्हते.

शेवाळाला पुन्हा कामावर घेतले ते वॉल्टर एडी यांनी. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेतले हे शास्त्रज्ञ समुद्री शेवाळाचे अभ्यासक. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटाभोवतीच्या प्रवाळभिंतींवर त्यांनी बराच काळ काम केले. प्रवाळभिंतीभोवतीच्या पाण्यात पोषकद्रव्ये अगदी कमी, तरीही तिथे जीवसृष्टी दाट. या कोड्यात त्यांचे लक्ष खडकांवरच्या आखूड, लव्हाळी गवतासारख्या शेवाळाकडे गेले. लाटा त्याच्यावर सतत आपटतात, ऊन भरपूर मिळते, मासे आणि सागरी अर्चिन ते सारखे खुरडत राहतात आणि ते तितक्याच वेगाने पुन्हा वाढते. एडी यांनी हीच व्यवस्था उथळ तबकात आणली. तबकात जाळी, वर दिवे आणि भरली की आपोआप कलंडून पाणी लाटेसारखे सोडणारी बादली. माशांच्या जागी खरवडणारा माणूस. स्मिथ्सोनियनच्या संग्रहालयात १९८० मध्ये अशा तबकांवर चालणारी प्रवाळभिंत लोकांना पाहायला मिळाली आणि १९८२ मध्ये त्यांना या उपकरणाचे पेटंट मिळाले.

पुढे ही पद्धत मोठ्या कामांत वापरली गेली. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल येथे १९८७ मध्ये उघडलेल्या ग्रेट बॅरियर रीफ मत्स्यालयाची पंचवीस लाख लिटरची टाकी शेवाळाच्या तबकांवर चालवायचे ठरले. ॲरिझोनातल्या ‘बायोस्फिअर २’मध्ये १९९१ साली आठ माणसे दोन वर्षांसाठी स्वतःला कोंडून घेऊन राहिली. तिथल्या छोट्या समुद्राचे पाणीही शेवाळच शुद्ध करत होते आणि ते खरवडणे हे त्या माणसांच्या कामांपैकी एक होते. यश मात्र संमिश्र आले. शेवाळातून झिरपणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांनी पाण्याला पिवळट झाक येते, अशी तक्रार होत राहिली. टाउन्सव्हिलला नंतरच्या वर्षांत ही पद्धत बाजूला ठेवून इतर साधने आणली गेली. शेवाळ सर्व काही करील, ही अपेक्षा जास्तच होती.

घरगुती टाक्यांना तिचे सोपे रूप मिळाले ते एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. छांदिष्टांनी कलंडती बादली काढून टाकली, जाळी आडवी न ठेवता उभी टांगली आणि तिच्यावरून धबधबा सोडला. नळी, जाळी, लहान पंप, दिवा, झाले. याच काळात या उपकरणाचे मापही बदलले. प्रथम दर गॅलन पाण्याला एक चौरस इंच जाळी, असा हिशोब असे. मग लोकांच्या लक्षात आले, की टाकी केवढी आहे याला महत्त्व नाही, रोज खाऊ किती घालता हे पाहायला हवे. आता दिवसाला गोठवलेल्या खाद्याच्या एका वडीमागे बारा चौरस इंच, म्हणजे साधारण ७७ चौरस सेंटिमीटर जाळी धरतात. पोस्टकार्डाच्या अर्ध्याहून थोडी अधिक. टाकीत जे जाते, त्याच्या हिशोबाने बाहेर काढायचे, असा हा साधा जमाखर्च आहे.

आणि तो हाताने मांडावा लागतो. शेवाळ नायट्रेट नाहीसे करत नाही, ते आपल्या अंगात बांधून घेते. जाळी दोन-तीन आठवडे तशीच राहिली तर वरच्या थराच्या सावलीत खालचा थर मरतो, जाळीपासून सुटतो आणि बांधलेले सगळे पाण्यात परत देतो. मागे एकदा मी गावी गेलो असताना नेमके हेच झाले. परत आलो तेव्हा पेटीत हिरवेगार शेवाळ लोंबत होते, पाहुण्यांना ते आवडलेही असते. पाणी तपासले तर आकडा वर चढलेला. शेवाळाने त्याचे काम केले होते, माझे राहिले होते.

यंदा दिवाळीची साफसफाई चालू असताना पेटी खाली उतरवली. दिव्यांवर चढलेले मीठ पुसले, नळीची चीर जुन्या दात घासायच्या ब्रशने मोकळी केली, जाळी खरवडली. ओंजळभर ओले शेवाळ निघाले. त्याला समुद्राचा वास येत होता.