ओपनकोअर लेगसी पॅचर

ओपनकोअर लेगसी पॅचर : ॲपलने पाठिंबा थांबवलेल्या इंटेल प्रोसेसरच्या मॅक संगणकांवर मॅकओएसच्या नव्या आवृत्त्या चालवण्याचे विनामूल्य, मुक्तस्रोत साधन. २०२० सालची बिग सर आणि तिच्या पुढच्या काही आवृत्त्या त्यातून बसवता येतात.

पाठिंबा जातो तेव्हा यंत्र निकामी झालेलेच असते असे नाही. २०१२ चा १३ इंची मॅकबुक प्रो ॲपल २०१६ पर्यंत नवा विकत होते. २०२० मध्ये बिग सरच्या यादीतून तो वगळला गेला. या लॅपटॉपची रॅम आणि हार्ड डिस्क घरच्या घरी बदलता येते. एसएसडी व १६ जीबी रॅम घातली की लेखन, ईमेल, ब्राउझिंग अशा रोजच्या कामाला तो आजही पुरतो. अशा यंत्राला विक्री थांबल्यावर चार वर्षांत बाद ठरवणे अन्यायाचे आहे आणि या साधनाचे खरे मोल तेथेच कळते.

संगणक सुरू होताना डिस्कच्या ईएफआय विभागात बसवलेला ‘ओपनकोअर’ हा बूटलोडर आधी चालतो. मॅकओएस यंत्राचे मॉडेल तपासते. ती तपासणी तो टाळतो आणि लागणारे फेरफार मेमरीतच करतो. त्यामुळे ॲपलचा मूळ इन्स्टॉलर जसाच्या तसा वापरता येतो.

अवघड भाग त्यानंतरचा. नव्या आवृत्त्यांतून ॲपल जुन्या ग्राफिक्स चिपचे आणि वाय-फाय कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकते. एनव्हिडियाच्या केप्लर चिपचे ड्रायव्हर मॉन्टेरी या आवृत्तीत असेच गेले. पॅचर ते सिस्टिममध्ये परत बसवतो. पण बिग सरपासून सिस्टिमचा विभाग सीलबंद असतो. ड्रायव्हर बसवताना ते सील मोडते, ‘एसआयपी’ हे संरक्षणही काही अंशी सैल करावे लागते आणि अपडेट केल्यावर पॅच पुन्हा बसवावे लागतात. ही जोखीम खरी आहे. तरीही सुरक्षेच्या दुरुस्त्या कायमच्या बंद झालेल्या आवृत्तीवर अडकून पडण्यापेक्षा ती पत्करलेली बरी. मात्र ‘मेटल’ हे ग्राफिक्स तंत्र न पेलणाऱ्या, साधारण २०१२ पूर्वीच्या मॅकवर काही ॲप्स पॅच करूनही नीट चालत नाहीत.

ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केल्यानुसार टाहो ही इंटेल मॅकसाठीची अखेरची आवृत्ती आहे. पुढच्या आवृत्त्या केवळ ॲपलच्या स्वतःच्या चिपसाठी असतील. तेथे ड्रायव्हर परत बसवून भागणार नाही. त्यानंतर या यंत्रांना अद्ययावत ठेवण्यासाठी लिनक्सकडे वळावे लागेल.