चंद्रपूरचा परकोट : पहाऱ्याच्या बुरुजांवरून दिसणारे शहर

शत्रू येत असल्याची वर्दी वेळेवर मिळणे, हे जुन्या काळात राज्याच्या रक्षणाचे पहिले साधन होते. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर मार्टिन दे रेदिन याने १६५८-५९ मध्ये किनाऱ्याने १३ मनोरे उभारले. दिवसा धुराने आणि रात्री जाळाने एका मनोऱ्यावरून दुसऱ्याला इशारा पोहोचत असे. सह्याद्रीत हे काम गडावरच्या तोफा करीत. १६६० मध्ये शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचल्याची खूण घोडखिंडीत लढणाऱ्यांना तोफांच्या बारांनीच मिळाली, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. पूर्व विदर्भातील चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, हे मात्र सपाटीवरचे शहर. तेथे पहाऱ्यासाठी उंची निर्माण करावी लागली. ती गोंड राजांनी परकोट बांधून निर्माण केली.

वरोऱ्याहून चंद्रपूरकडे निघाले की वाटेत भद्रावती लागते. तेथील पडका किल्ला आणि विजासन टेकडीतील बौद्ध लेणी पाहून पुढे जाता येते. नागपूर-वरोऱ्याकडून येणारा रस्ता चंद्रपुरात जटपुरा दरवाजाशी पोहोचतो आणि येथेच परकोटाचे पहिले दर्शन होते. दरवाजावर हत्तीला नमविणारा सिंह कोरलेला आहे. ते गोंड राजसत्तेचे चिन्ह होय.

परकोटाला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आहेत. त्याशिवाय पाच लहान वाटा असून त्यांना ‘खिडक्या’ म्हणतात : बगड, हनुमान, विठोबा, मसाण आणि चोर खिडकी. बुरूज ३९ आहेत. भिंतीच्या माथ्यावरून एका बुरुजावरून दुसऱ्यावर जाता येईल अशी वाट ठेवलेली होती. पहारेकऱ्याला खाली न उतरता पुढच्या चौकीपर्यंत खबर नेता यावी, हा तिचा उपयोग.

परकोटाच्या जन्माची कथा चंद्रपुरात आजही सांगितली जाते. बल्लारपूर येथे राज्य करणारा खांडक्या बल्लाळशाह शिकारीस निघाला असता एक ससा कुत्र्याच्या मागे धावताना दिसला. अखेर कुत्र्याने सशाला मारले. राणीच्या सल्ल्याने ज्या मार्गाने ही धाव झाली, त्याच मार्गावर तटाची आखणी झाली. कुत्र्याने सशाला गाठले आणि मारले ती ठिकाणे धोक्याची मानून तेथे खास बुरूज बांधले गेले, असे कथा सांगते. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला तरी तटाचे दुर्बल स्थान आधी ओळखावे आणि तेथेच बळ द्यावे, हा दुर्गबांधणीचा धडा तीत आहे. बांधकाम एका राजाच्या हयातीत पुरे झाले नाही. परंपरेनुसार ते धुंड्या रामशाहाच्या काळात पूर्ण झाले.

१७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेला. परकोटाची खरी कसोटी लागली ती १८१८ मध्ये. एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजीरावाचा पांढरकवड्याजवळ पराभव करून कर्नल अ‍ॅडम्सचे सैन्य मे महिन्यात चांद्यावर आले. तोफांच्या माऱ्याने तटाला खिंडार पडले आणि २० मे रोजी इंग्रज आत शिरले. किल्लेदार गंगासिंग लढताना मारला गेला. लांबून येणारे सैन्य दाखविणारा बुरूज जड तोफांपुढे टिकू शकत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

त्यानंतर परकोटावरचा पहारा संपला. भिंतीवर झाडे उगवली, त्यांच्या मुळांनी दगड सैल केले आणि काही बुरूज केरकचऱ्याखाली दिसेनासे झाले. हे स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तरीही चित्र पालटले ते नागरिकांच्या श्रमाने. ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी १ मार्च २०१७ पासून रोज सकाळी परकोटाची स्वच्छता सुरू केली. सलग दोनशेहून अधिक दिवस चाललेल्या या श्रमदानाची दखल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये घेतली गेली. पुढे येथे ‘हेरिटेज वॉक’ सुरू झाला. आपल्याच शहराचा तट माथ्यावरून कसा दिसतो, हे अनेक चंद्रपूरकरांनी तेव्हा प्रथमच पाहिले.

प्रश्न मात्र संपलेला नाही. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी असून त्यापुढील २०० मीटरच्या पट्ट्यात परवानगी लागते. जुन्या चंद्रपुरातील घरे पिढ्यानपिढ्या तटाला लागून आहेत. तेथील रहिवाशाला घराची डागडुजी करतानाही परवानगीचा विचार करावा लागतो. कायदा सैल केला तर तट जाईल आणि नुसताच कडक राबविला तर तटाशेजारी राहणारा माणूस त्याला आपला मानणार नाही. परकोटाचे भवितव्य या दोहोंमधील तोलावर अवलंबून आहे.

भेटीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधील सकाळ उत्तम. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पावसाळ्यात दगड निसरडे होतात आणि इरईला पूर आला की पठाणपुरा दरवाजाबाहेरचा सखल भाग पाण्याखाली जातो. अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजांच्या समाध्या असून राणी हिराईने उभारलेली वीरशाहाची समाधी त्यांत उठून दिसते. वरोरा आणि चंद्रपूर ही दोन्ही स्थानके वर्धा-बल्लारशाह लोहमार्गावर असल्याने एका दिवसात जाऊन येता येते. सैल दगडांच्या ठिकाणी भिंतीवर चढू नये. चढणाऱ्याच्या पायाप्रमाणेच तटाचा दगडही निसटतो, आणि निसटलेला दगड पुन्हा बसविणे सोपे नसते.