एक पेला चहा, दोन जिन्नस

हाँगकाँग येथें एका परिषदेस गेलों असतां तेथील अध्यापक मंडळींनीं मला रविवारीं सकाळीं 'चहा पिण्यास' बोलाविलें. आपल्याकडे अशा आमंत्रणाचा अर्थ एक कप चहा आणि फार तर बशीभर पोहे. म्हणून मी यथास्थित न्याहारी करूनच निघालों. ही चूक मला पुढें दोन तास जाचत होती.

उपाहारगृह कसलें, ती जत्राच होती. एकेका गोल टेबलाभोवतीं दहा-दहा माणसें, आजोबांपासून तान्ह्या मुलांपर्यंत. सारीं एकदम बोलत आहेत, आणि मध्यें बांबूच्या वाफाळणाऱ्या करंड्यांची चळत. एका करंडींत तीन-चार नग. स्वतःपुरतें असें कोणी कांहीं मागवीत नाहीं, करंडी टेबलाची. कोळंबीचें सारण भरलेलें 'हार गाव' पुढें आलें, तेव्हां त्याची अर्धपारदर्शक पारी व तिच्या चुण्या पाहून मला घरच्या उकडीच्या मोदकांची आठवण झाली. पारी मात्र तांदुळाची नव्हे, गव्हाच्या सत्त्वाची. ह्या जिनसांना 'डिम सम' म्हणतात. पण आमंत्रणांत त्यांचें नांवहि नसतें. कँटनी माणूस 'यम चा' एवढेंच म्हणतो, म्हणजे चहा पिणें. आपला 'चहा'हि त्याच 'चा'च्या कुळांतला.

ह्या प्रथेचें माहेर कँटन शहर. इ. स. १७५७ मध्यें चिएनलुंग बादशहानें युरोपीय व्यापार ह्या एकाच बंदरांत कोंडला, आणि १८४२ पर्यंत चहा व रेशीम नेण्यास परकी जहाजांना तेथेंच यावें लागे. बंदर म्हटलें कीं हमाल आले, नावाडी आले. एकोणिसाव्या शतकांत अशा कष्टकऱ्यांसाठीं बांकें टाकलेलीं साधीं दुकानें निघालीं. तेथें चहा दोन लींना, म्हणजे अगदीं क्षुल्लक दामाला मिळे, म्हणून त्यांना 'दोन लीचीं घरें' असेंच नांव पडलें. पुढें श्रीमंतांसाठीं माडीचीं चहागृहें झालीं. १८८० सालचें ताओ ताओ जू हें त्यांतील नामांकित. पैसेवाल्यानें माडी चढावी, नसलेल्यानें खालीं उकिडवें बसावें, अशा अर्थाची कँटनी म्हणच आहे. एक पेला चहा व दोन जिन्नस हा नेम मात्र दोघांचाहि. नोकर गळ्यांत तबकें अडकवून पदार्थांचीं नांवें पुकारीत हिंडत. १९३८ मध्यें जपान्यांनीं कँटन घेतलें, १९४९ मध्यें राज्यक्रांति झाली. दोन्ही वेळां माणसांचे लोंढे हाँगकाँगला आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची ही सकाळहि आली.

कोणी आपल्या पेल्यांत चहा ओतला, तर दोन बोटें टेबलावर हलकेच आपटून आभार मानावयाचे. हाच चिएनलुंग वेष पालटून हिंडत असतां त्यानें सेवकाला चहा ओतून दिला, आणि उघड दंडवत घालतां येईना म्हणून सेवकानें बोटें वांकविलीं, अशी कथा सांगतात. इतिहास म्हणून ती टिकणारी नाहीं. पण गोड आहे खरी.

बोटें आपटतां आपटतां मला एका वयोवृद्ध गृहस्थांनीं विचारिलें, "आपण कोठले?" मुंबईचा, असें मीं सांगितलें, आणि इतिहास शिकविणाऱ्या मनुष्याला आपल्या गांवाचें नांव जड वाटावें असा तो क्षण होता. मुंबई बंदरांतून कँटनला कापूस गेला, तशी माळव्याची अफूहि गेली. सर जमशेटजी जीजीभाईंचीं धर्मादाय रुग्णालयें आम्हीं अभिमानानें दाखवितों. त्या संपत्तींत अफूचा वांटा केवढा होता, हें मात्र आम्हीं विद्यार्थ्यांना एका वाक्यांत उरकून सांगतों. मीहि वर्षानुवर्षें तसेंच शिकवीत आलों आहें. ज्या अफूपायीं पहिलें युद्ध पेटलें व त्याच्या तहानें १८४२ त हाँगकाँग इंग्रजांकडे गेलें, त्याच हाँगकाँगांत बसून मी पाहुणचार झोडीत होतों. गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं किटली उचलून माझा पेला पुन्हां भरला. मीं बोटें आपटलीं.

शेवटीं रिकाम्या करंड्या मोजल्या गेल्या, आणि पैसे कोणी द्यावयाचे ह्यावरून दोन यजमानांत अशी झटापट लागली कीं नोकर हंसत बाजूस उभा राहिला.